कुलूपबंद घरचं पार्सल

आपलं दुसरं लग्न ठरलं आहे, ही बातमी तेजरामला चंपाबाईच्या तोंडून कळली.

तो नुकताच कामावरून आला होता. छोट्या रेल्वेच्या रुळावर तो गँगमन होता. उजाडताच लामत्याच्या बाजूला ट्रॉली निघायची, ती दिवेलागणीला बालाघाटला परत यायची. हातापायांचा चिखल धुवायला त्याने बादली पुढे ओढली, तोच चंपाबाई दारात येऊन उभी राहिली. गल्लीतली सगळ्यांत म्हातारी सवाशीण. नवरा खाटेला खिळलेला होता, पण होता, म्हणून हळदीकुंकवाचा पहिला मान तिचा. परवाच्या अहेव नवमीला तेजरामच्या गेलेल्या बायकोच्या, अनुसयेच्या नावाने तिनेच जेवायला बसायचं ठरलं होतं. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईसाठी पितृपक्षातली ही नवमी असते. त्या दिवशी तिच्या नावाने सवाशीण जेवू घालायची. सवाशीण जेवली की गेलेली जेवली.

“तेजराम, मी काही परवा येत नाही बाप्पा,” चंपाबाई उंबरठ्याबाहेरूनच म्हणाली.

“काहून? तब्येत बरी नाही का?”

“तब्येत चांगली हाये. पन एका हातानं जुनीच्या नावानं पान वाढाचं अन् दुसऱ्या हातानं नवीले लुगडं आनाचं, हे मले पटत नाही. जेवली मी, तं अनुसया सपनात येऊन मलेच इचारन.”

“कोनती नवी?”

“आता हे बी मीच सांगू का? हिरवं लुगडं आलं पवनीहून, रेशमी काठाचं. खन आला, बांगड्या आल्या. साऱ्या गल्लीनं पाह्यलं. वर्ष सरलं, बाप्या मानूस हायेस, कर ना दुसरी. कोन नाही म्हन्ते? पन चार लोकाइले सांगून करावं.”

“गल्लीनं कुठी पाह्यलं?”

“तुह्या शेजारी, दुर्गाच्या घरी. अजून कुठी?”

चंपाबाई गेली. तेजराम बादलीजवळ तसाच बसून राहिला. म्हणजे पार्सल आलं होतं. ज्या घरी जाऊ नये म्हणून त्याने हात जोडून सांगितलं होतं, त्याच घरी गेलं होतं. आणि उसवलं गेलं होतं.

तो तसाच ओल्या पायांनी पोस्टमन पुनारामच्या घरी गेला. पुनाराम जेवत होता.

“तुले म्या काय सांगतलं होतं?”

“बस, तेजरामभाऊ. जेवतं का?”

“माह्यं काही आलं तं त्या घरी देऊ नोको, पोस्टात ठेव, असं सांगतलं होतं का नाही?”

“सांगतलं होतं.” पुनारामने घास खाली ठेवला. “पोस्टात ठेवतो. पन नेशीन कवा? पोस्ट उघडते तवा तू रुळावर. तू येतं तवा पोस्ट बंद. इतवारले तू बी बंद अन् पोस्ट बी बंद. खेपा मारून मारून पाय दुखले माह्ये. मुदत सरत आली होती. अजून थांबलो असतो तं पार्सल वापस पवनीले गेलं असतं. वरून पानी येऊन राह्यलं, पार्सलाचं कापड भिजून राह्यलं, तुह्या दाराले कुलूप अन् तिचं दार उघडं. देऊन टाकलं.”

“अन् सही?”

“अंगठा.”

“कोनाचा?”

“दुर्गाबाईचा.” पुनारामचाही आवाज आता चढला. “इतकी वर्षं साऱ्या गल्लीचं सामान म्या तुह्या घरी टाकलं, तवा कोनी इचारलं का, अंगठा कोनाचा हाये म्हनून? वयनीचाच राहे ना?”

ते खरंच होतं. अनुसयेचं काळीज कमजोर होतं. डॉक्टरने तिला शेतात, बाजारात जायला मना केलं होतं, त्यामुळे ती दिवसभर दारातच बसलेली असायची. गल्लीतली बाकीची घरं दुपारी ओस पडायची. कोणी मिलमध्ये, कोणी धानाच्या रोवणीला, कोणी कचेरीत. मग कोणाच्या पोराची पुस्तकं, कोणाच्या माहेरचं लोणचं, जे काही येईल ते पुनाराम अनुसयेकडे ठेवायचा. ती ते खाटेखाली सरकवायची आणि संध्याकाळी ज्याचं त्याला हाक मारून द्यायची. आत काय आहे असा साधा प्रश्न तिने कधी कोणाला विचारला नाही. दुर्गाबाईच्या पोराच्या लग्नाचा शालूसुद्धा असाच अनुसयेच्या खाटेखाली राहिला होता.

आणि त्याच लग्नाच्या दिवशी, जेठाच्या उन्हात, अनुसया गेली.

सकाळची वेळ होती. शेजारी मांडव होता, वाजंत्री होती, गल्लीतल्या साऱ्या बाया हळदीला तिथे जमल्या होत्या. तेजरामने दुर्गाबाईचं दार वाजवलं. आधी हाताने, मग मुठीने. आतून कडी लागली. त्याने ती लागताना ऐकली. शेजारी मढं असताना वरात निघत नाही. ते उठेपर्यंत चूलसुद्धा पेटत नाही. पण माहीतच नसलं तर दोष लागत नाही. दुर्गाबाईने माहीत करून घेतलं नाही. वाजंत्री जोरात वाजवायला सांगितली आणि बायांना मागच्या दाराने काढून वरात लवकर बसमध्ये बसवली. अहेव बाईला सवाशिणी न्हाऊ घालतात, हिरवं कोरं लुगडं नेसवतात, मळवट भरतात. अनुसयेला कोणी मिळालं नाही. शेवटी रेल्वेच्या कामावरच्या दोन मजूरबाया आल्या आणि पेटीत हाताला लागलं ते, काठाला रफू केलेलं लुगडं त्यांनी तिला गुंडाळलं. त्यातच ती गेली.

त्या दिवसापासून तेजराम दुर्गाबाईशी बोलला नव्हता. वर्षश्राद्ध झालं तेव्हा त्याने मेव्हण्याला, खेमराजला, पवनीला निरोप पाठवला. राज्यांच्या नव्या वाटणीत पवनी आता दुसऱ्या राज्यात गेली होती, पण विणकर तेच होते. अनुसयेला माहेरचं रेशमी काठाचं लुगडं नेहमी हवं असायचं. ते या नवमीला तिच्या नावाने सवाशिणीला नेसवायचं, म्हणजे तिला पोचेल, एवढंच त्याच्या मनात होतं. नवमीला लोक खणावर भागवतात, फार तर बाजारातलं साधं लुगडं देतात. पितरांसाठी कोणी पवनीहून रेशमी काठ मागवत नाही. तेजराम हे कोणाला बोलला नव्हता. त्याच्याकडे बोलायला कोणी येत नव्हतं, आणि आलेलं त्याला आवडत नव्हतं.

पुनारामच्या घरून तो सरळ दुर्गाबाईच्या दारात गेला.

तिचा नवरा प्रेमलाल, कचेरीतला चपराशी, ओट्यावर विडी ओढत होता. तेजरामला पाहून त्याने विडी विझवली. “ये, तेजरामभाऊ,” असं तो पुटपुटला आणि घरात पाहू लागला.

“माह्यं पार्सल दे,” तेजराम म्हणाला.

दुर्गाबाई हात पुसत बाहेर आली. बाई धिप्पाड. आवाज त्याहून मोठा. “आला का नवरदेव! वर्षभर तोंड दाखवलं नाही, आता लुगड्यासाठी दार आठोलं.”

“पार्सल दे.”

“देतो ना. मले काय करायचं तुह्या नवरीच्या कपड्याइचं? राखून ठेवलं हे उपकार समज. पान्यात भिजलं होतं. म्या उसवलं नसतं तं बुरशी आली असती.”

“उसवलं ते उसवलं. गल्लीले काहून दाखवलं?”

“वाळू टाकलं अंगनात! आता गल्लीले डोये हायेत तं मी काय करू? झाकून ठेवू त्याहीचे?”

“तुह्या पोराच्या लग्नाचा शालू माह्या घरी दिवसभर पडून होता. तिनं त्याचा टाका बी नाही उसवला.”

दुर्गाबाईने पदर सारखा केला. मग म्हणाली, “ती साधी होती. मी नाही साधी. अन् तू बी नाही. चुपचाप दुसरी करून राह्यला.”

प्रेमलाल म्हणाला, “अगे, देऊन टाक ना त्याचं त्याले.”

“तुमी चुप बसा.” ती आत गेली आणि उसवलेल्या कापडात गुंडाळलेलं सगळं घेऊन आली. तेजरामने वरचं कापड बाजूला केलं. लुगडं हिरवं होतं, काठ लाल रेशमाचा. खेमराजने मनासारखं पाठवलं होतं. पण घडी विणकराची नव्हती. बायका घालतात तशी सैल घरगुती घडी होती ती, आणि पदराला निऱ्यांच्या सुरकुत्या होत्या.

“घडी कोनी मोडली?”

दुर्गाबाई कापडाची उसवलेली टोकं गोळा करू लागली.

“नेसून पाह्यलं तुनं?”

“वाळू टाकलं तं घडी मोडनारच ना...”

“वाळू टाकल्यानं निऱ्या नाही पडत!”

“हौ, नेसून पाह्यलं!” ती एकदम उसळली. “घडीभर नेसलं. असा काठ म्या जलमात अंगाले नाही लावला. घासलं का ते? फाटलं का? नेसन ना तुही नवरी, तिले काय मालूम पडते!”

“मी हे अनुसयेच्या नवमीले मांगोलं होतं,” तेजराम म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. “तुह्या पोराच्या वरातीपायी ती फाटक्या लुगड्यात गेली. आता तिच्या नावानं कोरं द्याचं होतं, तं त्याची बी घडी तुनंच मोडली.”

आत सुनेची भांडी वाजत होती, ती थांबली. दुर्गाबाईचं तोंड उघडं राहिलं. पण ती माघार घेणारी बाई नव्हती.

“मंग सांगाचं होतं ना तसं! मनातल्या मनात ठेवतं अन् दुसऱ्याइले दोष देतं. तुह्या पोटातलं मले कसं दिसन?”

“तुले त्या दिवशी दारावरची थाप ऐकू नाही आली, पोटातलं काय दिसन!”

“माह्या पोराचं लगन मोडलं असतं!”

“ठेव हे तुह्याच घरी,” तेजरामने लुगडं ओट्यावर टाकलं. “अन् गल्लीले आता हे बी सांग, का तेजरामची नवरी पयाली.”

नवमीच्या दिवसाची सुटी त्याने आधीच मागून ठेवली होती. सकाळी उठून त्याने चूल पेटवली. वडे, कढी, गवार, कोहळ्याची भाजी, खीर. हात बाईमाणसाचे नव्हते, वडे कडेला करपले, तरी सगळं केलं. मग तो सवाशीण शोधायला निघाला. लुगडं नसलं तर नसलं. पान तरी उपाशी राहू नये.

गल्लीतल्या एकीने उपास आहे असं सांगितलं. दुसरी म्हणाली, सासू घरी नाही, विचारल्याशिवाय कशी येऊ. तिसरी दारातून हसली. “आमाले मांडवाचं आवतन द्या, भाऊजी. जेवाले दोनदा कोन येते?” तो रेल्वेच्या चाळीकडे गेला. अनुसयेला नेसवणाऱ्या त्या दोन्ही मजूरबाया बैहरकडे जंगलाच्या कामाला गेल्या होत्या. ऊन डोक्यावरून सरकू लागलं. पान दुपार कलायच्या आत उठलं पाहिजे. तो परत आला, पान मांडलं, वाढलं, आणि रिकाम्या चटईसमोर बसला. कावळ्याचा घास अंगणात ठेवला होता, तो कावळ्याने केव्हाच नेला होता. चटईवर मात्र कोणी नव्हतं. ती या घरात आली असेल आणि पानाशी बसायला तिला जागा नसेल, असं त्याच्या मनात आलं. ते त्याला सहन होईना.

दारात सावली पडली. दुर्गाबाई होती. अंगावर हिरवं लुगडं, हातात हिरव्या बांगड्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

तेजराम ताडकन उठला. “नीघ इथून.”

“निघतो. आधी आईक.”

“नीघ म्हन्तो ना!”

“घडी म्या मोडली,” दुर्गाबाई दाराची चौकट धरून म्हणाली. “मोडल्या घडीचं लुगडं तुले दुसऱ्या कोनाले देता येत नाही. ज्या बाईनं मोडली तिलेच नेसावं लागते. तुले मालूम हाये हे. अन् गल्लीतली कोनी येत नाही, हे बी मले मालूम हाये.”

“तुनंच तं नाही येऊ देलं!”

“हौ, म्याच. मंग आता काय करतं? पान कुत्र्याले टाकतं? तुह्यी अन् माह्यी भिंत एक हाये. ती उपाशी गेली, तं पह्यले माह्याच घरात येईन. माह्यी सून पोटुशी हाये. मी तुह्यासाठी नाही आली, समजलं? तुह्या तोंडाकडे पाहाची माह्यी इच्छा नाही.”

“अन् माह्यी तुह्या तोंडाकडे.”

“मंग पानाकडे पाह्य. बसू का जाऊ?”

तेजरामने चटईकडे पाहिलं. या बाईला लाथ मारून हाकलावी असं त्याला वाटत होतं. आणि कढीवर साय धरत होती. वर्षभर ज्या दाराला त्याने मनात शिव्या घातल्या, त्याच दारातून आलेली बाई अनुसयेच्या जागी बसणार. त्याने हाकललं असतं तर त्याचा राग जेवला असता, अनुसया नाही.

“बस,” तो म्हणाला. “तोंड बंद ठेवून बस.”

घरात बाई नव्हती, म्हणून हळदकुंकवाची वाटी त्याने नुसती पुढे सरकवली. तिने आपल्या हाताने लावून घेतलं. ती बसली आणि जेवू लागली. खाणारी बाई होती, लाजली नाही. वडा मोडला, कढी प्याली. मग तोंड वाकडं करून म्हणाली, “मीठ कमी हाये.”

“तिले कमीच लागे. डाक्टरनं मना केलं होतं.”

दुर्गाबाईने मिठाकडे नेलेला हात मागे घेतला. त्यानंतर तिने तसंच सगळं खाल्लं. कोहळं खाल्लं, करपलेला वडा खाल्ला. तेजराम वाढत राहिला. “अजून घे,” असं तो चिडून म्हणायचा, “वाढ,” असं ती चिडून म्हणायची. खीर दोनदा घेतली. पानावर शीत ठेवलं नाही.

आता उरलं होतं ते सगळ्यात कठीण. तेजरामच्या आईची रीत होती. पान उठायच्या आधी गेलेलीचं नाव घेऊन विचारायचं, आणि जेवणारीने तिच्या वतीने सांगायचं. मग पाया पडायचं. तेजरामने आयुष्यात चारचौघांत बायकोचं नाव घेतलं नव्हतं. तो भिंतीकडे पाहत उभा राहिला.

“इचार ना,” दुर्गाबाई म्हणाली. “मले घरी काम हाये.”

“अनुसये,” तो म्हणाला. “अनुसये, पोट भरलं का?”

दुर्गाबाईने पानाकडे पाहिलं. मग तिच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात नाही, हळू म्हणाली, “हौ. भरलं.”

तेजराम वाकला. “तुह्या पाया नाही पडून राह्यलो.”

“मालूम हाये. पड लवकर, मांडी आखडली.”

त्याने जमिनीला डोकं टेकलं. ते उचलायला त्याला वेळ लागला. दुर्गाबाई तशीच बसून राहिली, पाय मागे घेतले नाहीत. तो उठला तेव्हा तिने तोंड दुसरीकडे केलं होतं. तो डोळे पुसेपर्यंत तिने पुन्हा इकडे पाहिलं नाही.

“त्या दिवशी थाप ऐकली होती म्या,” दारात जाऊन ती म्हणाली.

“मालूम हाये मले.”

“पुन्हा तसा दिवस आला तं पुन्हा बी कडीच लावन. पोरगा माहा हाये.”

“अन् मी पुन्हा बी तुले माफ नाही करन.”

“नोको करू.” तिने पदर खोचला आणि गेली.

तेजराम पान उचलू लागला. बाहेर ओट्यावर बाया जमल्या असाव्यात, कारण दुर्गाबाईचा आवाज साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा चढला होता.

“कायची नवरी अन् कायचं काय! त्या खडूस बुढ्याले कोन पोरगी देईन? अनुसयेच्या नवमीचं होतं लुगडं. हौ, म्याच बसली पानावर. काय चंपाबाई, पाहून काय राह्यल्या? ज्याहीनं ज्याहीनं नाही म्हटलं, त्याहीनं तिले हात जोडा घरी जाऊन. मीठ नव्हतं सैपाकाले, पन जेवली ती पोटभर. म्या सांगतो ना, जेवली.”

तेजरामने पान गाईला टाकायला बाजूला ठेवलं. मग दुसरं पान घेतलं, स्वतःसाठी वाढलं आणि सकाळपासून पहिल्यांदा खाली बसला.